संस्कृतीने पोट भरते काय?



धामणगाव बढे येथील आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघणार, तिच्यात तुम्हीही चार ओळी लिहा, असा कार्यकर्त्यांचा आग्रह झाला. आम्ही काही लेखक नव्हे. शाळा नववीतच सुटली. त्यानंतर सूतगिरणीत रिंग फ्रेमवर उभे राहिलो, आणि ती गिरणी बंद पडल्यापासून कापसाच्या हंगामात जिनिंग-प्रेसिंगला जातो. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर वाचले. तेव्हा लेखात उणे-अधिक आढळल्यास वाचक बंधू-भगिनींनी सांभाळून घ्यावे.

हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. तो आमच्या अंगावर आला. वर्धापन दिनाच्या तयारीच्या बैठकीत शिल्लक वर्गणीचा विषय निघाला. काहींचे म्हणणे, यंदा मिरवणूक जोरात काढू, मोठा डी.जे. आणू. आमच्यासारख्या दोन-चार जणांचे म्हणणे पडले की विहारामागची खोली रिकामी आहे, तिथे अभ्यासिका करू. टेबल, दिवे आणि पुस्तकांचे कपाट घेऊ. बोलता बोलता आम्ही म्हणालो, "बाबासाहेबांनी आपल्याला संस्कृती दिली, ती जपली पाहिजे." तेव्हा मागच्या रांगेतला बी.ए. झालेला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "काका, तुमचं संस्कृती-संस्कृती ठीक हाय. पन संस्कृतीनं पोट भरते काय? पोरायले नोकऱ्या नाही, अन् तुम्ही कपाट घेऊन बसले."

काही जण हसले. आम्हाला मात्र उत्तर सुचले नाही. बैठक काहीही न ठरता उठली. रात्रभर तो प्रश्न डोक्यात फिरत राहिला. मुलगा उद्धट नव्हता. त्याचा प्रश्न खरा होता, आणि खऱ्या प्रश्नाला खरे उत्तर दिले पाहिजे. म्हणून हा लेख.

संस्कृती म्हणजे नेमके काय?

आपल्या कानावर हा शब्द दोन तऱ्हांनी येतो. एक तऱ्हा सभेतली. "ही आपली संस्कृती नाही" असे म्हणून कुणाला तरी गप्प बसवायचे. हजारो वर्षे आपल्या आज्या-पणज्यांना गावाबाहेर ठेवले तेही संस्कृतीच्याच नावाखाली. दुसरी तऱ्हा कार्यक्रमपत्रिकेतली. भाषणे झाली, जेवणे झाली, आता "सांस्कृतिक कार्यक्रम". म्हणजे नाच-गाणी. या दोन्हींपैकी एकही अर्थ पुरा नाही.

इंग्लंडमधल्या टायलर नावाच्या विद्वानाने १८७१ साली एक व्याख्या केली, ती पुढे जगभर शिकवली गेली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, माणूस समाजात राहून जे जे मिळवतो, म्हणजे ज्ञान, समजुती, कला, नीती, कायदा, चालीरीती, सवयी, ते सगळे मिळून संस्कृती. यात "मिळवतो" हा शब्द महत्त्वाचा आहे. संस्कृती रक्तातून येत नाही. पाखराच्या पिल्लाला घरटे बांधायला कुणी शिकवत नाही. माणसाच्या पोराला मात्र बोलण्यापासून सगळे शिकवावे लागते. जे शिकलेले असते ते बदलता येते. चुकीचे शिकवले असेल तर ते टाकता येते, आणि ज्याला शिकूच दिले नाही त्याला पुढे शिकवताही येते. आपल्या साऱ्या चळवळीचा पाया एवढ्या एका गोष्टीवर उभा आहे.

बाबासाहेबांच्या विद्वत्तेची सुरुवातच या विषयापासून झाली, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तो वाचला गोल्डनवायझर या मानववंशशास्त्रज्ञाच्या अभ्यासवर्गात. त्यात त्यांनी मांडले की भारतातले लोक वंशाने मिसळलेले आहेत, पण त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे संस्कृतीची एकता. जात म्हणजे त्या एकसंध संस्कृतीचे पाडलेले बंद तुकडे. काहींनी स्वतःचे दार लावून घेतले, आणि बाकीच्यांना दार आपल्यावर बंद झालेले आढळले. म्हणजे जात ही निसर्गाने केलेली नाही. दार माणसाने लावले, तेव्हा ते माणसालाच उघडता येते.

आपल्या धम्मात यासाठी आणखी जवळचा शब्द आहे. पाली भाषेत ध्यानाला "भावना" म्हणतात, आणि त्याचा अर्थ वाढवणे, मशागत करणे असा आहे. इंग्रजीतला "कल्चर" हा शब्दही लॅटिन भाषेतल्या शेती कसण्याच्या शब्दावरून आला. सुत्तनिपातात कसिभारद्वाज नावाच्या नांगरणी करणाऱ्या ब्राह्मणाची गोष्ट आहे. त्याने तथागतांना विचारले की आम्ही नांगरतो, पेरतो आणि मग खातो. तुम्ही काय करता? तथागतांनी सांगितले की मीही नांगरतो, माझी शेती मनाची आहे. पहा, आमच्या त्या मुलाने जे विचारले तेच अडीच हजार वर्षांपूर्वी विचारले गेले होते. आपण शेतमजुरांची माणसे. मशागत न केलेल्या वावरात काय उगवते ते आपल्याला कुणी सांगायला नको.

विणकरांची पेढी

आता इतिहासाकडे वळू. आपल्या गावापासून अजिंठा काही फार दूर नाही. घरटी एक माणूस तरी तिथे जाऊन आला असेल. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या नजरेला ती लेणी पडली आणि जग थक्क झाले. सोळाव्या लेण्यातला शिलालेख सांगतो की ते लेणे वाकाटक राजा हरिषेण याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने दान दिले. या वाकाटक शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपल्या वऱ्हाडातले वाशीम.

पण राजे-मंत्र्यांनी लेणी केली यात आम्हाला तितके नवल वाटत नाही. नवल वाटते नाशिकच्या लेण्यातल्या एका शिलालेखाचे, कारण त्यात आमच्या धंद्याची माणसे आहेत. सुमारे १९०० वर्षांपूर्वी नहपान राजाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघासाठी कायमची ठेव ठेवली. ठेव होती ३००० कार्षापणांची. ती त्याने ठेवली कुणाकडे? गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या संघांकडे. एका श्रेणीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. २००० वरचे व्याज वर्षाला २४० होते, आणि त्यातून वर्षावासातल्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. हिशेब करून पाहा, २० गुणिले १२ बरोबर २४०. पै-पैशाचा मेळ बसतो. हा व्यवहार नगराच्या सभेत जाहीर करून नोंदवलेला आहे.

यातून काय दिसते? राजाचा जावई आपली रक्कम विणकरांच्या संघटनेवर विश्वासून ठेवतो. ती संघटना पिढ्यान्पिढ्या टिकेल, हिशेब चोख ठेवील, याची त्याला खात्री आहे. संस्कृती ती हीच. लेण्याच्या भिंतीवरचे चित्र ही संस्कृती आहेच, पण शंभर विणकरांनी एकत्र बसून दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब इमानाने ठेवणे, हीदेखील संस्कृती आहे. चित्र डोळ्याला दिसते, हिशेब दिसत नाही, इतकाच फरक.

धागा आणि ओठ

आता त्याच विणकरीच्या धंद्यातला दुसरा प्रसंग पाहा. जागा मुंबईची, काळ विसाव्या शतकाचा. गिरण्यांत हजारो अस्पृश्य कामगार होते, पण ते सूतकताईच्या खात्यात. कापड खात्यात, म्हणजे मागावर, मजुरी जास्त मिळायची आणि तिथे त्यांना मज्जाव होता. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवी घालून धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. ज्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागले त्याला आम्ही ओठ कसे लावायचे, असे इतर विणकर म्हणत.

यंत्र विलायतेहून आलेले, वाफेवर चालणारे. त्याला जात माहीत नव्हती. मालकालाही फक्त नफा हवा होता. तरी जात त्या धोट्यापाशी येऊन बसली. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. कामगार-ऐक्याच्या घोषणा देणाऱ्या पुढाऱ्यांना त्यांनी विचारले की कापड खात्याचे दार तुम्ही आमच्या माणसांना उघडणार की नाही?

आम्ही हा इतिहास पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्रपाळीला होतो. पुस्तक मिटले आणि बराच वेळ रिंग फ्रेमच्या फिरत्या बॉबिनांकडे पाहत बसलो. आमच्या त्या मुलाला आमचे पहिले उत्तर इथे आहे. बाबा रे, तू म्हणतोस संस्कृतीने पोट भरत नाही. मुंबईत पोटाची जास्तीची भाकर कुणी अडवून धरली होती? मालकाने नव्हे, यंत्राने नव्हे. शेजारी उभ्या असलेल्या, तितक्याच गरीब कामगाराच्या डोक्यातल्या संस्कृतीने. म्हणून पोटाचा प्रश्न आणि संस्कृतीचा प्रश्न वेगळे काढता येत नाहीत. कपाशीच्या बोंडात रुई आणि सरकी जशी एकमेकांना धरून असतात, तसे हे आहे.

रविवारची सुट्टी

दुसरी गोष्ट मोकळ्या वेळेची. पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची सुट्टी अशी नव्हतीच. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी, 'दीनबंधु' पत्र चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ सालापासून कामगारांच्या सभा घेऊन मागणी लावून धरली, तेव्हा १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज शाळेतले लेकरू रविवारची वाट पाहते, पण ती सुट्टी एका सत्यशोधकाने मिळवली हे त्याला कुणी सांगत नाही.

कामाचे तास त्याहून हळू कमी झाले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुष कामगारांना दिवसाला १२ तास, १९२२ च्या कायद्याने आठवड्याला ६०, १९३४ च्या कायद्याने ५४. त्या १९३४ च्या कायद्यात एक मेख होती. जिनिंग-प्रेसिंग हे हंगामी कारखाने धरले होते आणि तिथे ६० तास कायम ठेवले होते. म्हणजे आमच्या वऱ्हाडातल्या, खामगाव-मलकापूरच्या जिनात रुईची धूळ खाणाऱ्या माणसाला मुंबईच्या कामगारापेक्षा सहा तास जास्त. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने आपल्या कापसाला भाव आला, १८७० साली खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, गाठी विलायतेला गेल्या. पण गाठी बांधणाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीतल्या प्रयत्नांतून १९४६ ची दुरुस्ती झाली आणि कायम चालणाऱ्या कारखान्यांत आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने हंगामी कारखान्याचा वेगळा भेदही काढून टाकला.

आता प्रश्न असा की बाबासाहेबांना हे तास कमी कशासाठी हवे होते? कामगाराने नुसता आराम करावा म्हणून? नाही. याच काळात, १९४५ साली, काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले या विषयावर त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. त्यात यंत्रावर लिहिताना त्यांनी जे मांडले ते प्रत्येक कामगाराने वाचावे असे आहे. सार असे: जनावर आणि माणूस यांच्यात फरक करणारी गोष्ट एकच, संस्कृती. जनावराला ती शक्य नाही, माणसाला ती आवश्यक आहे. म्हणून प्रत्येक माणसाला संस्कृतीचे जीवन जगता यावे हे समाजाचे ध्येय असले पाहिजे, आणि संस्कृतीचे जीवन म्हणजे शरीराच्या गरजा भागवणे नव्हे तर मनाची मशागत. पण सगळा दिवस पोटासाठी राबणाऱ्याला मनाची मशागत करायला वेळ कुठला? म्हणून यंत्र पाहिजे. यंत्राने श्रम वाचवावे, वाचलेल्या वेळात माणसाने माणूस व्हावे.

आम्ही यंत्रावर उभे राहणारी माणसे. बोनस आणि महागाई भत्त्यापलीकडे यंत्राचा आणि आपल्या माणूसपणाचा असा काही संबंध असेल, हे त्या पानांनी आम्हाला शिकवले.

जाते, ओवी आणि पिठाची गिरणी

आता आमच्या घरातली गोष्ट. ती आमच्या चुकीची आहे, पण सांगितली पाहिजे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. तेव्हा नागपूरही मध्य प्रदेशात होते आणि आपला बुलढाणा जिल्हाही. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, १ नोव्हेंबरला, आपण मुंबई राज्यात आलो आणि १९६० साली महाराष्ट्रात. आमचा आजा, आजी आणि चौदा वर्षांचा बाप बैलगाडीने मलकापूरला आणि तिथून रेल्वेने नागपूरला गेले. दुसऱ्या दिवशीचे, १५ तारखेचे, बाबासाहेबांचे भाषण आज्याने ऐकले. माणसाला नुसते शरीर नसते, मनही असते, आणि त्या मनाला संस्कार द्यावे लागतात, हा भाषणातला मुद्दा आज्याने पाठ केला नव्हता. पण तो कृतीत उतरवला. गावी आल्यावर देव्हाऱ्यातले टाक पाण्यात सोडले. मेलेले ढोर ओढायचे बंद केले. त्या वर्षी घरात उपास घडले, पण आज्याने मान खाली घातली नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी बायांना नेसण्याची तऱ्हा बदला, गुलामीच्या खुणा असलेले दागिने टाका, असे सांगितले होते. ते आमच्या आजीपर्यंत पोहोचायला तीस वर्षे लागली. पण पोहोचले तेव्हा तिने एका दिवसात ऐकले.

एक गोष्ट मात्र आजीने टाकली नाही. जात्यावरची ओवी. पहाटे दळताना ती पूर्वी पांडुरंगाचे नाव घेऊन गायची. नागपूरहून आल्यावर चाल तीच राहिली, नाव बदलले. आता ओवीत भीमराव आले, रमाई आली, नागपूरची गाडी आली. तिला कुणी सांगितले नव्हते. काय टाकायचे आणि काय ठेवून नव्याने भरायचे, हे त्या निरक्षर बाईला आपसूक कळले. पोथ्या वाचणाऱ्या पंडितांना जे जमले नाही ते तिला जमले. गावोगावच्या बायांनी हेच केले. पुरुषांच्या बाजूने भीमराव कर्डकांचे जलसे होते. त्यामागून वामनदादा कर्डक आले. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्मलेले आणि मोठेपणी मुंबईत अक्षरे शिकलेले हे कवी २००४ साली गेले, तोवर गावोगाव गात राहिले. पण बायांच्या ओव्यांना ना मंच होता ना माईक.

आजीच्या मागून माय गात होती. आम्ही विशीत आलो, चार पुस्तके वाचली, तरुण मंडळात भाषणे करू लागलो. एका पहाटे आम्ही मायला म्हणालो, "माय, बंद कर ते रडगाणं. जुनाट हाय ते. लोक हासतीन आपल्याले." माय काही बोलली नाही. दळण तेवढे पुरे केले. त्यानंतर आमच्या समोर ती कधी गायली नाही. थोड्याच दिवसांत गल्लीत विजेवरची पिठाची गिरणी आली आणि जाते अंगणाच्या कोपऱ्यात पडले.

बऱ्याच वर्षांनी कॉलेजातली एक मुलगी वही घेऊन भीमाच्या ओव्या गोळा करत गावात आली. आम्ही मोठ्या अभिमानाने तिला मायजवळ नेले. मायने चार-दोन शब्द आठवून पाहिले आणि म्हणाली, "आता नाही आठवत, बाई. हात फिरल्याशिवाय तोंड उघडत नाही, अन् जातं तं कव्हाचंच थांबलं." मग आमच्याकडे पाहून हसली. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागले. टाक टाकायचे होते, ते आज्याने टाकले. आम्ही मात्र धान्यासकट सूप फेकून दिले.

इथे कुणी म्हणेल, मग पिठाची गिरणी नको होती काय? असे मुळीच नाही. जात्याने मायच्या तळहाताला घट्टे पडले होते. गिरणीने रोज पहाटेची तिची झोप वाचवली. बाबासाहेबांनी सांगितलेले यंत्राचे काम ते हेच. पण वाचलेल्या वेळात मायने काय करायचे, याची व्यवस्था आम्ही केली नाही. ओवी गेली, तिच्या जागी पुस्तक यायला पाहिजे होते. मायला वाचता येत नव्हते, आणि आम्ही मंडळाच्या बैठकीतून रात्री दहाला घरी यायचो. तिला अक्षर शिकवायला आम्हाला वेळ नव्हता. यंत्राने वेळ दिला, पण संस्कृती यंत्र देत नाही. ती माणसाने माणसाला द्यावी लागते.

मोकळा वेळ अंगावर येतो तेव्हा

याचा दुसरा अनुभव गिरणी बंद पडली तेव्हा आला. एके दिवशी गेटवर नोटीस लागली. मस्टरवरची माणसे आणि बदली कामगार, सगळे एका दिवसात रस्त्यावर. आमची ग्रॅच्युइटी किती वर्षे अडकली ते इथे सांगत नाही. पण त्या वर्षी आमच्याजवळ एका गोष्टीची वाण नव्हती, ती म्हणजे वेळ. दिवसाचे चोवीस तास. त्या वेळेने किती जणांना खाल्ले! पत्ते आले, दारू आली, घराघरात मारहाण आली. आमच्याच खात्यातला एक चांगला सायडर त्या वर्षात संपला.

आम्ही वाचलो, याचे श्रेय आमच्या शहाणपणाला नाही. त्या पावसाळ्यात विहारात वर्षावासानिमित्त 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते आणि वाचणारा माणूस आजारी पडला. तुम्ही वाचा, असे आम्हाला सांगण्यात आले. रोज संध्याकाळी सातला तिथे पोहोचायचे म्हणून दारू पिता येईना. उद्या काय वाचायचे ते आज समजून घ्यायचे म्हणून दिवसही जाऊ लागला. तीन महिने आमच्या घरात पैसा नव्हता, पण घर मोडले नाही. संस्कृतीने त्या तीन महिन्यांत आमचे पोट भरले नाही, हे खरे. तिने पोट भरायला माणूस शिल्लक ठेवला.

आता उत्तर

तेव्हा त्या मुलाला आमचे उत्तर असे.

पहिली गोष्ट. तुला नोकरी पाहिजे, ती मागण्याचा तुझा हक्क आहे, आणि त्यासाठी आम्ही मोर्चात तुझ्या पुढे राहू. संस्कृती हा भाकरीला पर्याय नाही. उपाशी माणसाला संस्कृती सांगणारा ढोंगी असतो.

दुसरी गोष्ट. भाकर कुणाच्या ताटात पडायची हे ठरवणाराही मनातला संस्कारच असतो, हे धोट्याच्या गोष्टीवरून ध्यानात घे. डोक्यातले दार उघडले नाही तर कारखान्याचे दार उघडत नाही.

तिसरी गोष्ट. २० जुलै १९२४ ला बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्देशांत वसतिगृहे होती, शेती आणि उद्योगाच्या शाळा होत्या, आणि त्यांच्याच जोडीला वाचनालये आणि अभ्यासवर्ग काढून समाजात संस्कृतीचा प्रसार करणे हेही होते. त्या काळी आपली माणसे आजच्यापेक्षा कितीतरी जास्त उपाशी होती. तरी त्यांनी "आधी पोट, मग पुस्तक" असे म्हटले नाही. दोन्ही एकाच कागदावर लिहिले.

चौथी गोष्ट डी.जे.ची. आम्ही आनंदाच्या विरोधात नाही. जयंतीला नाचलो आहोत, पुढेही नाचू. पण आवाज एका रात्रीत विरतो, आणि नाशिकच्या विणकरांकडची ठेव दरवर्षी चीवर देत राहिली. आपली वर्गणी कुठे ठेवायची, हा प्रश्न आपल्यासमोर आहे. वर्षानुवर्षे व्याज देणारी ठेव करायची की एका रात्रीत उडवायची?

वर्धापन दिनानंतर पुन्हा बैठक आहे. तिथे आम्ही हे मांडणार आहोत. मागच्या खोलीत रोज संध्याकाळी दोन तास दिवा लागावा. एक तास स्पर्धा परीक्षेच्या मुला-मुलींचा, म्हणजे पोटाचा. एक तास गावातल्या ज्या बायांना अजून सही करता येत नाही त्यांचा. आणि रविवारी, लोखंडे यांनी मिळवून दिलेल्या सुट्टीच्या दिवशी, म्हाताऱ्या बायांना बोलावून त्यांना आठवतील त्या ओव्या मोबाईलवर भरून घ्याव्या आणि वहीत उतरवाव्या. ज्यांना आठवतात अशा बाया आता बोटावर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. हे काम पुढच्या वर्षावर टाकता येणार नाही. आमचा अनुभव वर सांगितला आहे.

आमच्या बाजूने हंगामातल्या पंधरा दिवसांची हजेरी आम्ही या खोलीसाठी देत आहोत. शिवाय एक विनंती आहे. खोलीची किल्ली आमच्याकडे नको. ती त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडे द्यावी. हिशेबाची वहीही त्यानेच ठेवावी. त्याने प्रश्न विचारला नसता तर आम्ही हा लेख लिहिला नसता, आणि कपाटाला कुलूप तसेच राहिले असते.

माय आता थकली आहे. मागच्या महिन्यात आम्ही अंगणातले जाते धुऊन ओसरीवर आणून ठेवले आणि तिला म्हणालो, "माय, हात लावून तं पाह्य." तिने खुंटा धरला, दोन फेरे दिले. गाणे आले नाही. पण ओठ हलले. आम्ही रोज संध्याकाळी जवळ बसतो.

नमो बुद्धाय. जयभीम.